लॅबपर्यंत न गेलेली बाटली

जी गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, देवाला सांगितली नाही, आणि रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरने "कसलं टेन्शन आहे का?" असं विचारलं तेव्हाही सांगितली नाही, ती अशी: माझ्या मेहुण्याच्या मांडीतून काढलेली गाठ लॅबमध्ये तपासायला द्या, म्हणून नर्सिंग होमने माझ्या हातात दिली होती. मी ती दिली नाही. आमच्या सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. आणि घरच्यांना सांगितलं, रिपोर्ट नॉर्मल आहे.

मी कमी बोलणारा माणूस. त्याचा फायदा असा की लोकांना वाटतं, हा विचार करतोय. मरोळला एका पॅकेजिंगच्या कंपनीत मी खरेदी बघतो. मीटिंगच्या शेवटी मी "बघू" म्हणतो आणि तो निर्णय समजला जातो. सासरी तर माझी याहून वरची जागा. सासर कांजूरमार्गला. सासरे गिरणीतले; गिरणी गेल्यावर त्यांनी मिळेल ते केलं, पण बोली सोडली नाही. मुंबईत उभा जन्म काढून दोघं नवराबायको अजून मालवणीतच बोलतात. त्या घरात हात असलेली खुर्ची एकच, आणि मी गेलो की सासरे तिच्यावरून उठतात. मी "बसा हो" म्हणतो आणि बसतो. सासूबाई भाजीवाल्याकडची कोथिंबीर उलटीसुलटी करून, देठ मोडून, वास घेऊन मग पिशवीत टाकतात. जावयाने आणलेली बातमी मात्र जशी येईल तशी ठेवून घेतात. जावयाला पुरावा मागायची त्या घरात पद्धत नाही.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एसी दुरुस्तीचं काम करायचा. मुलुंडच्या टॉवरांत खिडकीबाहेर वीतभर कठड्यावर उभा राहून, एका हाताने ग्रिल धरून, दुसऱ्याने बाहेरचं युनिट खोलायचा, आणि वर गाणं म्हणायचा. तिशी उलटली तरी लग्न जमत नव्हतं, कारण मुलगी बघायला गेला की पहिली नजर भिंतीवरच्या एसीकडे जायची. "बाबांना सांगा, गॅस भरून घ्या," असं तो मुलीलाच सांगून आला होता एकदा.

एका रविवारी जेवण झाल्यावर तो माझ्यापुढे पाठमोरा उभा राहिला आणि बर्मुडा वर सरकवून म्हणाला, "भावोजी, हात लावून बघा. भाडेकरू ठेवलाय."

उजव्या मांडीच्या मागे, मध्यावर, कागदी लिंबाएवढी गाठ होती. टणक. हलत नव्हती.

"दुखतं का?" मी विचारलं.

"नाय ना! दुखलं असतं तर गेलो नसतो का डॉक्टरकडे? बसलो की टोचतं फक्त. काय देत नाय, काय घेत नाय, निघत पण नाय. पागडीवाला आहे."

न दुखणाऱ्या गोष्टीला आपल्याकडे आजार म्हणत नाहीत. दुखत नाही ना, मग काही नाही. शिवाय गाठ म्हटली की आमच्या उपनगरांत प्रत्येकाकडे एक काका असतो, ज्यांच्या पाठीवर मोसंब्याएवढी गाठ होती आणि ते ती घेऊन पंच्याऐंशी वर्षं जगले. शेजारच्यांनी काका सांगितला, सासऱ्यांनी गावचा काका सांगितला, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने तर दोन काका सांगितले. इतक्या काकांपुढे मेहुण्याच्या मांडीचं काय चालणार? चरबीची गाठ, असं ठरलं. सर्वानुमते.

तरीही ती काढून टाकावी असं ठरलं, कारण शिडीवर बसताना टोचत होती, आणि कारण माझ्याकडे ओळख होती. ओळख हा आमच्याकडे वैद्यकशास्त्राचा पाया आहे. डॉक्टर कसा आहे ते कोणी विचारत नाही, कोणाचा आहे ते विचारतात. ऑफिसातल्या एकाच्या वहिनीचे मावसभाऊ भांडुपच्या एका नर्सिंग होममध्ये सर्जन होते, म्हणजे घरचेच झाले. त्यांनी मेहुण्याला पालथं झोपवलं, फोनवर कोणाशी तरी फ्लॅटच्या पार्किंगबद्दल बोलत दोन बोटांनी गाठ दाबली, आणि फोन न ठेवता मला म्हणाले, "चरबी आहे. अर्ध्या तासाचं काम."

"सोनोग्राफी वगैरे?" मेहुण्याने विचारलं. त्याला विचारायची सवय होती. तो गॅस भरण्याआधी प्रेशर तपासायचा.

"अरे, कशाला?" असं सर्जन म्हणाले नाहीत. मी म्हणालो. ओळखीमुळे सोनोग्राफीसुद्धा वाचली, असं मी घरी अभिमानाने सांगितलं.

पावसाळ्यात एसीवाल्याला काम नसतं, म्हणून ऑपरेशन गणपतीच्या आदल्या दिवशी ठेवलं. सासूसासरे गणपतीला गावी गेलेले. माझी बायको घरी मखराला चिकटपट्ट्या लावत होती, कारण आमच्याकडे पाच दिवस गणपती. म्हणून नर्सिंग होमच्या बाकड्यावर मी एकटा. अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागला. सर्जन हात पुसत बाहेर आले.

"जरा खोल होती. स्नायूत घुसलेली. पण निघाली."

"काही काळजीचं?"

"छे, चरबीच. पण एकदा तपासून घ्या हं."

त्या माणसाने दोन वाक्यं सांगितली होती. मी पहिलं घेतलं.

आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लहान नर्सिंग होममध्ये शरीरातून काढलेली वस्तू लॅबपर्यंत नेण्याचं काम नातेवाइकाचं असतं. माणसाच्या आयुष्याचा निकाल ज्या तुकड्यात असतो तो तुकडा, ज्याला काहीही कळत नाही अशा माणसाच्या हातात देतात, आणि सांगतात, आडवा करू नका. सिस्टरने मला झाकणाची प्लास्टिकची बाटली दिली, वर मेहुण्याच्या नावाची चिकटपट्टी, बाहेरून काळी पिशवी. आत फॉर्मालिन, आणि फॉर्मालिनमध्ये भाडेकरू.

मी एकदाच पाहिलं. चरबी कशी असते ते मला माहीत आहे. मटणवाल्याकडे रांगेत उभं राहून आयुष्य गेलं. चरबी पिवळी असते. हे पिवळं नव्हतं. पांढुरकं होतं, गुळगुळीत, कापलेल्या सुरमईच्या तुकडीसारखं. मालवण्यांचा जावई आहे मी, सुरमई ओळखतो. हे मी पाहिलं होतं हेसुद्धा कोणाला ठाऊक नाही.

पिशवी स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि घाटकोपरला आलो. लॅब स्टेशनजवळ, माझ्या घराच्या वाटेवर. दुपारची वेळ, शटर अर्धं खाली. जेवणाची सुट्टी. थांबलो असतो तर उघडलं असतं. पण मूर्ती आणायची होती. संध्याकाळी येऊ म्हटलं. संध्याकाळी आरत्यांची पुस्तकं सापडत नव्हती. दुसऱ्या दिवशी घरात गणपती आला, आणि मग मला एक झकास कारण सापडलं: सोवळ्याओवळ्याच्या दिवसांत माणसाचं मांस हाताळायचं कसं? मी एरवी अंघोळीआधी चहा पिणारा माणूस. पाच दिवस कडक सोवळ्यातला झालो. बाटली खाली डिकीत, देव वर तिसऱ्या मजल्यावर, आणि मी दोघांच्या मध्ये लिफ्टमध्ये.

खरं कारण सोवळं नव्हतं. किळस होती. त्या पिशवीला पुन्हा हात लावायची मला किळस वाटत होती. किळसेच्या जोडीला आळस होता, आणि दोघांवर पांघरूण घालायला "चरबीच" हा शब्द होता. त्या पाच दिवसांत मी दूर्वा आणायला, फुलं आणायला, मोदकाचं पीठ आणायला त्याच स्कूटरवरून त्याच लॅबवरून गेलो. शटर पूर्ण वर होतं. आतली मुलगी एकदा जांभई देताना दिसली. इतकं रिकामं होतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरपाशी नाक धरून उभा.

"काय रे, डिकीत कोण मेलंय काय?"

झाकण सैल झालं होतं. फॉर्मालिन रेनकोटवर सांडलं होतं आणि डोळ्यांतून पाणी काढील असा वास सुटला होता. मी म्हटलं, "फिनेलची बाटली फुटली."

"फिनेल असं असतं? वाट लागली यार तुझ्या रेनकोटची," असं म्हणून तो वर गेला.

मी पिशवी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी गेलो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या सोसायटीत ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याच्या मोहिमेचा प्रमुख मी आहे. हिरवा डबा ओला, निळा डबा सुका, ही पाटी माझ्या हस्ताक्षरात आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना नारळाची करवंटी चुकीच्या डब्यात टाकल्याबद्दल मी समज दिलेली आहे. तर मी पाटीपुढे उभा राहिलो आणि मेहुण्याची गाठ ओली की सुकी याचा प्रामाणिकपणे विचार केला. हिरव्यात टाकली. नियम पाळल्याचं किंचित समाधानही वाटलं, हे कबूल करतो, कारण आता कबूल करायलाच बसलोय.

आमचा कचरा कांजूरच्या डम्पिंगला जातो. म्हणजे ज्याची वस्तू त्याच्याच उपनगरात परत गेली. सासरच्या खिडकीतून वारा फिरला की तो वास आजही येतो. सासूबाई खिडकी लावतात आणि कचरेवाल्यांच्या सात पिढ्या काढतात. मी खुर्चीवर बसून असतो.

सासूसासरे गावाहून आले तेव्हा मला जेवायला बोलावलं. मेहुणा लंगडत पण खुशीत. टाके सुकत आलेले. ताटात सुरमईची आमटी. मी पहिला घास उचलला आणि सासूबाईंनी विचारलं, "काय ओ, तो रिपोर्ट इलो काय?"

घास हातात होता. मी म्हटलं, "नॉर्मल. साधी चरबी."

एवढंच. आयुष्यात कमी बोललो, आणि त्यातला हा एक शब्द.

सासरे म्हणाले, "जावयान सांगल्यान ना, मगे झाला," आणि तुकडी माझ्या ताटात सरकवली. कागद कुठे आहे, असं कोणी विचारलं नाही. कोथिंबिरीची जुडी असती तर विचारलं असतं.

त्या शब्दाने मी लोकांच्या नजरेत वर गेलो. सोसायटीत बातमी पसरली की यांच्या मेहुण्याची गाठ यांनी काढवून घेतली, नॉर्मल निघाली. मग लोक मला गाठी दाखवू लागले. सोसायटीच्या वार्षिक सभेत हिशेब मंजूर होत असताना सेक्रेटरीने मान वाकवून मला मागची गाठ दाखवली. मी दोन बोटांनी दाबली. फोन कानाला नव्हता एवढाच फरक. "नॉर्मल," मी म्हटलं. तो माणूस मला अजून चहा पाजतो.

सव्वा वर्षाने भाडेकरू परत आला. जुन्या व्रणाच्या खालीच.

"त्याच पत्त्यावर आलाय, भावोजी. डिपॉझिट परत मागायला," मेहुणा म्हणाला. हसत होता. मी हसलो नाही, तर त्याला वाटलं मला विनोद कळला नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितला.

त्याला कोणाकडेही जाऊ दे, प्रत्येकजण तेच विचारी: मागच्या वेळचा रिपोर्ट काय होता? आणि मेहुणा ठणकावून सांगे, नॉर्मल. त्या माझ्या शब्दाला आता स्वतःचे पाय फुटले होते. भांडुपचे ओळखीचे सर्जन म्हणाले, "नॉर्मल होता ना? मग व्रणाची गाठ असेल, थांबू." फॅमिली डॉक्टर म्हणाले, "नॉर्मल होता ना? मग घाई नको." साबुदाण्याच्या गोळ्या देणाऱ्याने त्या नॉर्मलच्या जोरावर तीन महिने गोळ्या दिल्या. मालिशवाल्याने नस दबलीय असं सांगून ती गाठ रगडली, आणि सासूबाईंनी गावाहून आणलेल्या पाल्याचा लेप रगडलेल्या जागेवर लावला. मी या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, अडाणी म्हणून. त्यांच्यातला एकही खोटं बोलत नव्हता. सगळे माझ्या शब्दावर विश्वास ठेवून चुकत होते.

गाठ लिंबाची मोसंबी झाली तेव्हा बायकोने भावाचा हात धरला आणि मुलुंडला सोनोग्राफीला नेलं. ओळखीशिवाय. मीही मागून गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी गाठीवर यंत्र फिरवलं, थांबल्या, पुन्हा फिरवलं.

"हिच्यात रक्त खेळतंय. चरबीची गाठ अशी नसते. आधी काढली होती ना? रिपोर्ट?"

"नॉर्मल," बायको म्हणाली.

"मला बघायला मिळेल?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या काळात बघायला मागणारं हे पहिलं माणूस. मी म्हटलं, "घरी शोधावा लागेल."

त्यांनी एमआरआय करायला सांगितला आणि मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, जिथे अशाच गाठी बघणारे लोक असतात. तिथे मला कळलं की आम्ही पहिल्या दिवसापासून सगळं उलटं केलं होतं. पाच सेंटिमीटरहून मोठी, किंवा खोल, किंवा वाढणारी गाठ असली की कापण्याआधी स्कॅनने आतले फोटो काढतात. मग जाड सुईने तिचा एक बारीक तुकडा काढतात, आणि ती सुईसुद्धा कुठून घालायची ते पुढे ऑपरेशन करणारा सर्जन ठरवतो, म्हणजे सुईची वाटही नंतर कापून काढता यावी. तुकडा लॅबला जातो, आणि तो तिथला माणूस नेतो, जावई नेत नाही. मग सर्जन, किरणांचा शेक देणारे, औषध देणारे, फोटो वाचणारे असे सगळे एका टेबलाभोवती बसून ठरवतात. पहिल्या वेळी दोन बोटं होती. या वेळी अख्खी खोली.

निकाल यायला वेळ लागला. एवढा वेळ का, हे मेहुण्यानेच आईला समजावलं: "आई, गॅस कुठून लीक होतो ते दिसत नाय ना, मग आपण साबणाचं पाणी लावतो. तसं हे लोक तुकड्याला वेगवेगळे रंग लावून बघतात. एक रंग लागला नाय तर दुसरा." शेवटी नाव आलं. सार्कोमा. स्नायू, चरबी, नसा अशा मऊ भागांत होणारा कॅन्सर. त्याचे पुष्कळ प्रकार, आणि मेहुण्याचा त्यातलाही विरळा.

"रेअर आहे," डॉक्टर म्हणाले.

हा शब्द घरात एखाद्या पदवीसारखा आला. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, "साधो नाय, रेअर आसा. डॉक्टरांका पण नाव सापडत नव्हता." शेजारीण आल्या पावली परत गेली; तिच्या घरात साधा मधुमेह होता.

मग त्या हॉस्पिटलच्या सर्जनने, मध्यमवयाचा, हळू बोलणारा माणूस, तो प्रश्न विचारला. "पहिली गाठ कुठल्या लॅबमध्ये दिली होती? लॅबवाले तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात. तो आणा. आम्ही पुन्हा बघू. तेव्हा काय होतं ते कळलं तर बरं. कापल्यावर कशी दिसत होती, कोणी पाहिली होती? माशाच्या मांसासारखी पांढरी होती का?"

मेहुणा म्हणाला, "मी बेशुद्ध होतो, साहेब. भावोजी होते."

मी म्हटलं, "नीट पाहिलं नाही."

आणि ठोकळा आणायला कोण जाणार? जावई. घरात दुसऱ्या कोणाचं नाव सुचलंच नाही. मी सकाळी निघालो, घाटकोपरला एका हॉटेलात बसलो, एक इडली आणि पाठोपाठ चहा घेत दुपार केली. त्या खिडकीतून ती लॅब दिसत होती. शटर वर होतं. संध्याकाळी कांजूरला जाऊन मी सांगितलं, "लॅब बंद झालीय. मालक पळून गेला म्हणतात."

"म्हणजे रिपोर्ट पण खोटाच दिला असणार साल्याने," मेहुणा म्हणाला. मग माझा पडलेला चेहरा बघून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता, भावोजी? तुम्ही तर धावपळ केली. लॅबवाला हरामखोर निघाला, त्याला तुम्ही काय करणार?"

त्या दिवसापासून माझ्या सासरी लॅबवाला नावाचा एक माणूस राहायला आला. त्याला रोज शिव्या बसत. सासूबाईंनी त्याला रंगरूपही दिलं: काळा, ढेरपोट्या, बोटांत अंगठ्या. मी गोरा आहे आणि अंगठी घालत नाही. तेवढा आधार होता.

आधी काही आठवडे शेक झाला. मांडीची कातडी भाजल्यासारखी काळी पडली. मग ऑपरेशनची तारीख मिळाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: पाय वाचवायचा प्रयत्न करू, पण गाठ पायाच्या मोठ्या नसेला चिकटली आहे. आत गेल्यावर कळेल.

आदल्या दिवशी सासऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. कोकणातल्या घरांत ही रीत आहे: मोठा माणूस देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला बाकी सगळे एका आवाजात होकार देतात. गावची भावकी नव्हती, म्हणून दोन खोल्यांत मावतील तेवढे शेजारी आले. सासरे धोतर नेसून उभे राहिले. गिरणीच्या भोंग्यावरून बोलायची सवय असलेला आवाज.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या पायाकडे उभो रवान गाऱ्हाणा घालतंय. ह्यो माझो झिल उद्या कापाकापीक जातलो आसा. तेचो पाय तेच्याकडेच रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो, मनापासून.

"डॉक्टराच्या हाताक येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण लॅबवालो, जेना खोटो रिपोर्ट देवन माझ्या झिलाचा वरीस फुकट घालवल्यान, तेका सोडू नको रे म्हाराजा! तो खंय आसात थंय तेची झोप उडांदे रे म्हाराजा!"

खोलीतले सगळे ओरडले. मेहुण्याचा आवाज सगळ्यांत मोठा. बायको माझ्या शेजारी होती. मी गप्प राहिलो तर तिच्या लक्षात आलं असतं. मीही म्हणालो, व्हय म्हाराजा. हात जोडून, मान झुकवून, माझ्यावर घातलेल्या शापाला मी स्वतः अनुमोदन दिलं. नंतर प्रसादाची शिरणीही पहिल्यांदा मलाच मिळाली. मान जावयाचा.

देव लांबचं ऐकत नाही म्हणतात. हे जवळचं होतं. मला झोप लागत नाही.

पाय राहिला. मांडीच्या मागचे बरेचसे स्नायू आणि नसेचा काही भाग गेला. पावलाला वर उचलायची ताकद राहिली नाही. बुटात प्लास्टिकची पट्टी घालून चालावं लागतं, नाहीतर पाऊल लोंबतं. शुद्धीवर आल्यावर मेहुण्याने चादर बाजूला करून अंगठा हलवायचा प्रयत्न केला. हलला नाही. मग म्हणाला, "गेला भाडेकरू. पण जाताना वायरिंग कापून गेला."

मी एकट्याने त्या सर्जनला गाठलं. त्यांच्या केबिनच्या दारात उभा राहून विचारलं, "समजा, पहिल्या वेळीच कळलं असतं तर?"

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तेव्हा लहान होती. जागा साफ करायला दुसरं ऑपरेशन लागलंच असतं, शेकही. पण नस बहुतेक वाचली असती. बहुतेक, हं. आणि छातीच्या स्कॅनची एवढी धाकधूक नसती." मग म्हणाले, "तुम्ही नका त्रास करून घेऊ. नातेवाइकांचा काय दोष?"

मला दोष देणारं माणूस कुठे भेटेल याचा मी बरेच दिवस शोध घेतला. भेटलं नाही. सगळे फार चांगले आहेत.

मेहुणा आता खिडकीबाहेर जात नाही. वाकोल्यातल्या एका दुकानात बसून फोन घेतो, कोणाचा एसी का थंड करत नाही ते आवाजावरून सांगतो. दर काही महिन्यांनी छातीचा स्कॅन असतो, कारण हा आजार परत येतो तेव्हा फुप्फुसात यायला आवडतं त्याला. स्कॅनला त्याच्यासोबत मी जातो. सगळ्यांना वाटतं, केवढं करतो हा माणूस मेहुण्यासाठी.

मागच्या स्कॅनचा रिपोर्ट चांगला आला. मी तो स्वतः वाचला, मेहुण्याने वाचला, सासूबाईंनी उलटासुलटा करून बघितला. आता त्या घरात कागद बघितल्याशिवाय कोणी जेवत नाही. पण त्याआधी, हॉस्पिटलमधून परतताना, आम्ही रिक्षात होतो. कांजूर जवळ आलं, वारा फिरला आणि तो वास आला. मेहुण्याने नाक मुरडलं, गुडघ्याखालची पट्टी सैल केली आणि बाहेर बघत विचारलं, "भावोजी, त्या लॅबचं नाव काय होतं?"

एवढ्या वर्षांत घरातल्या कोणी नाव विचारलं नव्हतं. शिव्या सगळ्यांनी दिल्या, नाव कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "आठवत नाही."

  मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "बरं. आठवलं की सांगा. मला सांगा फक्त. आईला नको." आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "बस, इधर ही साइड में लो, भाई."

तो आधी उतरला, पट्टीचा पाय हाताने उचलून बाहेर ठेवत. मी आधाराला हात पुढे केला. त्याने तो घेतला.

त्याला माहीत आहे की नाही, ते मला माहीत नाही. त्याने काही फरक पडत नाही. हे सगळं इथे लिहिणं सोपं आहे, कारण इथे त्याचा चेहरा नाही. त्याला अजून सांगितलेलं नाही. लॅबपर्यंत काही गेलंच नव्हतं, लॅबवाला नव्हता, रिपोर्ट नव्हता. बाटली मी टाकली, आणि तुझं वर्ष मी घालवलं. एवढं त्याच्यासमोर बसून, त्या खुर्चीवर न बसता, तोंडाने सांगायचं मी त्याला देणं लागतो.